तोंडी काही नाही

आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला माणूस चिठ्ठी लिहितो, हे साहेबांच्या हाताखाली लागेपर्यंत मी पाहिलं नव्हतं. जव्हारला ज्या बाईंकडे साहेब जेवायचे, त्यांना अक्षरओळख नव्हती. साहेब जेवून हात धुऊन निघून जायचे आणि पाटाखाली चिठ्ठी ठेवायचे. बाई त्या चिठ्ठ्या डाळीच्या डब्यात साठवायच्या आणि आठवड्याच्या बाजाराला मी निघालो की दारात अडवून मला वाचायला लावायच्या. ‘सोमवार. आमटीत मीठ कमी.’ ‘मंगळवार. भात गिच्च.’ ‘बुधवार. ठीक.’

बाई कपाळाला हात लावायच्या. “अहो, मी समोर वाढायला उभी असते. ह्यांच्या जिभेला काय झालंय? सोमवारचं मीठ आता मी रविवारी घालू?”

मी हसायचो. बाजारात चार जणांना सांगून त्यांनाही हसवायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं.

साहेब म्हणजे एका बाहेरगावच्या ठेकेदाराचे ओव्हरसियर. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. पावसाळ्यात चार-चार दिवस त्याला उतार नसे. पलीकडच्या पाड्यांवर कुणी आजारी पडलं तर पडलं. त्या ओढ्यावर दोन कमानींचा दगडी पूल बांधायचा ठेका होता. ठेकेदार जव्हार संस्थानाबाहेरचा, इथली माणसं त्याला ओळखत नव्हती आणि तो त्यांना. कामावर मजूर सगळे कोकणा जमातीचे, डोंगरातल्या पाड्यांवरचे. माझ्या वडिलांचं जव्हारच्या बाजारात मीठ-तंबाखूचं दुकान होतं आणि दुकानाच्या पायरीवर बसून मी त्या लोकांची बोली शिकलो होतो, म्हणून मला कारकुनीत घेतलं. कारकून कमी आणि दुभाषा जास्त. माझं शिक्षण बेताचं होतं, पण ह्या एका गोष्टीचा मला फार ताठा होता. वरच्या माणसाचं खाली आणि खालच्याचं वर, जे जायचं ते माझ्या तोंडून जायचं.

साहेब दिसायला काटकुळे, उंच. बारा महिने कानांवरून मफलर गुंडाळलेला. पठारावरचा वारा कानाला बाधतो म्हणायचे, वैशाखातही बाधायचा. गळ्यात दोरीला पितळी शिट्टी आणि काखेत हुकूमवही. कामाच्या जागी ते फक्त माझ्याशी आणि मुकादमाशी बोलायचे, तेही मोजकं. मजुरांशी एक शब्द नाही. मजूर त्यांना ‘मुका सायेब’ म्हणायचे, त्यांच्यासमोरच म्हणायचे; त्यांचे कान मफलरात, आणि बोली त्यांना कळत नाही अशी सगळ्यांची खात्री.

पद्धत अशी होती. गवंड्याला काही अडलं तर त्यानं मुकादमाला सांगायचं. मुकादमानं मला. मी वहीत लिहायचं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून वही वाचणार आणि तांबड्या शाईनं खाली उत्तर लिहिणार. ते उत्तर मी मुकादमाला वाचून दाखवायचं, मुकादमानं गवंड्याला सांगायचं. मधेच कुणी थेट साहेबांकडे गेलं तर ते त्याच्याकडे न बघता हात वर करायचे आणि म्हणायचे, “तोंडी काही नाही.”

एकदा एका घडीव दगडाचा कोपरा उडाला. तो बसवायचा की बाजूला टाकायचा? गवंडी तिथे, दगड तिथे, साहेब दहा हातांवर छत्री धरून उभे. पण उत्तर यायला दीड दिवस गेला आणि तोवर चार माणसं कोपरा उडालेल्या दगडाभोवती बसून तंबाखू चोळत राहिली. गवंडी म्हातारा होता, नगरकडचा. तो म्हणायचा, “आपला सायब देवावाणी हाये. नवस बोलायचा, आन् वाट बघायची.”

घाईच्या गोष्टींसाठी शिट्टी होती. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, जिथे आहात तिथेच. दोन म्हणजे उचला, कामाला लागा. तीन म्हणजे जेवणाची सुट्टी. ह्या तीन शिट्ट्या त्यांनी मजुरांच्या अशा अंगवळणी पाडल्या होत्या की, डोक्यावर पाटी घेतलेली बाई एक शिट्टी ऐकून एक पाय हवेत ठेवून उभी राहायची. बाहेरून बघायला येणारे चकित व्हायचे. “काय शिस्त आहे!” म्हणायचे. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

बोहाड्याच्या वेळची गोष्ट. त्या दिवसांत पाड्यांवर सोंगं नाचतात, देवांचे मुखवटे निघतात आणि कामावर चिटपाखरू येत नाही. हे जव्हारात शेंबड्या पोराला माहीत आहे. साहेबांनी सुरेख वळणदार अक्षरात ‘बोहाड्यानिमित्त काम बंद राहणार नाही’ असा कागद लिहिला आणि ऐनाच्या झाडाला खिळ्यानं ठोकला. चार दिवस मजूर त्या झाडाखाली भाकरी खात होते. कागद कुणाला वाचता येत नव्हता, आणि वाचून दाखव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बोहाड्याच्या दिवशी साहेब वेळेवर आले, ओढ्याकाठी दगडावर बसले आणि शिट्टी हातात घेऊन दुपारपर्यंत थांबले. मी आणि ते, दोघंच.

त्या दुपारी ते माझ्याशी प्रथमच सलग बोलले. का बोलले ते ठाऊक नाही. बहुधा कामच नव्हतं म्हणून.

“तुम्हाला मी विक्षिप्त वाटत असेन,” ते म्हणाले.

मी नाही म्हणालो.

“वाटतो. वाटायलाच पाहिजे.” मग शिट्टी दोन बोटांत फिरवत त्यांनी सांगितलं. पूर्वी एका घाटाच्या कामावर ते सुरुंगावर होते. पाच सुरुंग लावलेले. खालून त्यांच्या मुकादमानं ओरडून काहीतरी सांगितलं. “तो म्हणाला, ‘झालं नाही.’ वारा होता. वाऱ्यानं ‘नाही’ उचलून नेलं. माझ्यापर्यंत ‘झालं’ एवढंच आलं. मी माणसं आत पाठवली.” पाचवा सुरुंग उडायचा राहिला होता. तो मग उडाला.

त्यांनी शिट्टी हातातून सोडली. मग म्हणाले, “लिहिलेल्याला वारा लागत नाही.”

मला त्यांची कीव आली होती, आणि आदरही वाटला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून ते दुष्ट होते असं कुणाला वाटेल. दुष्ट ते नव्हते. हिवतापाच्या दिवसांत ते स्वतः झोपड्या-झोपड्यांतून फिरून एकेकाच्या जिभेवर क्विनाइनची गोळी ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. मला ताप भरला तेव्हा घरी येऊन माझ्या उशाशी तासभर बसले. आईनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. गेल्यावर उशाखाली चिठ्ठी सापडली: ‘तीन दिवस उठू नये. वही मी लिहीन.’

बुधी ह्या कामावर पाटी वाहायची. पाडा जामसरच्या बाजूचा, पण माहेर ह्या ओढ्याकाठचंच. लहानपणापासून तिनं ह्या ओढ्याचं पाणी भरलेलं. नवरा लखमा, तोही कामावरच. तो मोठा अंगाचा, हळू बोलणारा, आणि साहेबांच्या शिट्टीवर त्याच्याइतका बिनचूक कुणी नव्हता. बुधी त्याच्या उलट. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्या लोकांच्या बोलीत ‘तुम्ही’ नसतं. दिवाण समोर आला तरी त्याला ‘तू’च. बुधी मलाही ‘कारकून भाऊ, तू’ असंच म्हणायची.

मधल्या खांबाचा पाया घेतला ते दिवस उन्हाळ्याच्या आरंभीचे. ओढ्याची धार बारीक झाली होती. वाळू उपसली तशी खाली काळा कातळ लागला, सपाट, गाडीच्या दोन चाकांएवढा रुंद. साहेबांनी घणाचे ठोके मारून आवाज ऐकला, खूश झाले, आणि वहीत लिहिलं: ‘मध्य खांबास अखंड खडक.’

त्या दुपारी तीन शिट्ट्या झाल्या. साहेब नेहमीच्या जागी डबा उघडून बसले. मी त्यांच्यापासून आठ-दहा पावलांवर. बुधी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “कारकून भाऊ, तो खडक नाय. निजेल धोंडा आहा.”

“म्हणजे काय?”

“निजेल. झोपेल. डोंगरातून आला न् इथं निजला. त्याचे बुडाखाली माती आहा, पाणी आहा. चैतात समदं आटलं की आम्ही त्याचे बुडातून पाणी काढतो. हात घातला का कोपरापर्यंत जातो.” तिनं कोपरापर्यंत हात दाखवला. “तू त्याला सांग.”

मी साहेबांकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा मोडत होते.

मी वहीत लिहिलं: ‘मजूर बाईचे म्हणणे असे की, मध्य खांबाखालचा दगड अखंड खडक नसून सुटा धोंडा आहे व त्याखाली पाणी आहे.’ सकाळी वही परत आली. सबंध ओळीवर तांबडी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं: ‘म्हणणे लिहू नये. पाहिलेले लिहावे. पान नव्याने उतरवावे.’

म्हणजे मी ओढ्यात उतरायला हवं होतं. धोंड्याच्या कडेची वाळू चार हात काढून आत हात घालून बघायला हवं होतं. तासाभराचं काम. पण माझं सबंध पान फुकट गेलं होतं आणि मला राग आला होता. मी पान नव्यानं उतरवलं, ती ओळ गाळली आणि जुनं पान चुलीत घातलं. बुधीला म्हणालो, “सांगितलं.”

“मग काय बोलला?”

“बघतो म्हणाला.”

असं ते मी म्हणालो. कुणी कुणाला काही म्हणालं नव्हतं.

पुढे दीड वर्षात पूल उभा राहिला. गवंड्याचा हात फार चांगला होता. कमानींचे दगड असे बसवले होते की सांध्यात नख जात नव्हतं. कमानींखाली ऐनाच्या लाकडांचा आधार, आणि आधाराच्या बुडाशी पाचरी. चुना पुरता धरला की पाचरी ठोकून ढिल्या करायच्या, आधार खाली उतरतो आणि कमान आपला भार आपण घेते. पुलाच्या कामात हाच दिवस कसोटीचा.

त्या दिवसाच्या आदल्या दुपारी बुधी पुन्हा आली. ह्या वेळी ती घाबरलेली होती.

“खांबाचे बुडाशी पाणी गढूळ येतं,” ती म्हणाली. “ओढा वर निर्मळ आहा, मी बघून आलो. खांबापाशीच गढूळ. माती घेऊन येतं ते. तू त्याला सांग. आता सांग.”

साहेब तिथेच होते, पुलाच्या कठड्यापाशी, ओळंबा धरून. मी उठलो असतो आणि सहा पावलं चाललो असतो तरी झालं असतं. पण त्याच सकाळी त्यांनी मुकादमादेखत माझ्यापुढे वही टाकली होती. ‘अक्षर सुधारावे’ असं तांबड्या शाईत लिहिलेलं. दहा वर्षांच्या मुलाला लिहावं तसं. माझ्या मनात ते ठसठसत होतं. शिवाय सांगून काय होणार? ‘तोंडी काही नाही.’ लिहून काय होणार? ‘म्हणणे लिहू नये.’ मनाशी म्हटलं, ते इथेच उभे आहेत, ही बाई हात हलवून सांगते आहे, त्यांना दिसत नाही का? त्यांनी विचारावं मला. एकदा तरी त्यांनी मला विचारावं, काय म्हणते ती म्हणून.

“सांगतो,” मी बुधीला म्हणालो.

वहीत त्या दिवशीचं पान मी हजेरी आणि चुन्याच्या गोण्यांवर संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ जण आधाराखाली गेले. लखमा होता, म्हातारा गवंडी स्वतः होता. साहेबांनी काठावरून दोन शिट्ट्या दिल्या आणि पाचरींवर घण पडायला लागले. पहिली कमान सुटली, जागच्या जागी राहिली. वरच्या माणसांनी आनंदानं आवाज केला. दुसऱ्या कमानीच्या निम्म्या पाचरी निघाल्या आणि खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. जात्यात खडा अडकावा तसा. मी खांबाकडे पाहिलं. खांब किंचित कलला होता, पेंगणाऱ्या माणसाची मान कलते तितका.

साहेबांनाही ते दिसलं. त्यांनी शिट्टी ओठांत घेतली आणि जीव खाऊन फुंकली. एक लांब शिट्टी.

एक म्हणजे थांबा. जिथे आहात तिथेच.

आणि ते थांबले. आठही जण घण खाली टेकून, मान वर करून, कमानीखाली उभे राहिले. ‘पळा’ म्हणायला शिट्टी नव्हती. साहेब पुन्हा पुन्हा तीच फुंकत होते, त्यांचा चेहरा निळा पडला होता, आणि जितकी ती वाजत होती तितके ते खालचे लोक घट्ट उभे राहत होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला त्या लोकांची बोली येत होती. त्यासाठीच मला ठेवलेलं होतं. मी ओरडलो नाही.

ओरडली ती बुधी. वाळूची पाटी फेकून ती काठावरून धावत आली आणि ओरडली, “पळा रे! पळा! लखमा, पळ!” सहा जण पळाले. लखमानं तिच्याकडे पाहिलं आणि मग वर साहेबांकडे पाहिलं. शिट्टी वाजतच होती. म्हातारा गवंडी वयामुळे मागे पडला.

धोंडा कुशीवर वळला तशी खांबासकट कमान खाली आली.

दोघांना काढायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

चौकशीला बाहेरून एक वृद्ध अधिकारी आणले होते. माणूस सज्जन, काळजीनं ऐकणारा, पण गुजरातकडचा. शहरी मराठी त्यांना वाचता येई पण ऐकून जेमतेम कळे, कोकणा बोली तर नाहीच. त्यांनी आधी हुकूमवही मागवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. धोंड्याबद्दल, गढूळ पाण्याबद्दल वहीत अक्षर नव्हतं. मग त्यांनी बुधीला बोलावलं आणि दुभाषा म्हणून मला तिच्या शेजारी उभं केलं. दुसरा कोण होता?

साहेब समोर खुर्चीवर बसले होते. मफलर होताच.

“हिला विचारा,” अधिकारी म्हणाले, “पायाबद्दल हिला आधी काही ठाऊक होतं का?”

मी विचारलं. बुधी रडत नव्हती. तिनं माझ्या छातीकडे बोट केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मी याला दोन बार सांगला. धोंडा निजेल आहा म्हणून सांगला. पाणी गढूळ येतं म्हणून सांगला. हा म्हणला, सांगतो. यानं सांगला का नाय, ते याला विचार.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणते?”

दाराशी एक शिपाई उभा होता, तो डोंगरातलाच. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं नजर जमिनीला लावली.

मी म्हणालो, “ती म्हणते, दगड असा वळेल हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. ती म्हणते, तिचं दैव.”

“अरेरे,” अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बुधीला शहरी मराठी अगदीच कळत नव्हती असं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि कुणी जा म्हणायच्या आत निघून गेली.

‘तळातील दोष पूर्वी ध्यानात येण्याजोगा नव्हता’ असा निकाल झाला. कुणाला शिक्षा झाली नाही. ठेकेदारानं काम सोडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका इंजिनियरानं तीस-चाळीस पावलं वर पूल बांधला, तो अजून आहे. हा इंजिनियर पहिल्या दिवशी ओढ्यावर आला तो काठावरच्या म्हाताऱ्यांबरोबर दुपारभर विड्या ओढत बसला आणि पाणी कुठे मुरतं, कुठे निघतं, ते विचारत राहिला. मी लांबून पाहिलं. इतकं सोपं होतं ते.

मला ह्या सगळ्यानंतर एका कचेरीत जागा मिळाली. माझी बोली उपयोगी पडेल म्हणून.

साहेब निघाले ती सकाळ माझ्या रुजू होण्याचीच होती. बाजाराच्या टोकाला त्यांची बैलगाडी उभी होती. एक ट्रंक, एक वळकटी. त्यांना पोचवायला कुणी आलं नव्हतं. मी वाटेवरच होतो म्हणून थांबलो. त्या दिवशी त्यांच्या कानांवर काही नव्हतं. लहान, पांढुरके कान होते, इतकी वर्षं ऊन न लागलेले.

मी नमस्कार केला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो खडक नाय. निजेल धोंडा आहा.”

हेल बुधीचा होता. एक स्वर इकडे-तिकडे नव्हता.

मी विचारलं, “साहेब, तुम्हाला त्यांची बोली येते?”

“अकरा वर्षं ह्याच डोंगरांत कामं केली. कशी येणार नाही?”

“मग तुम्ही ऐकलं होतं. दोन्ही वेळा.”

“ऐकलं.”

“आणि गप्प राहिलात?”

“माझ्याशी कुठे बोलत होती ती? तुमच्याशी बोलत होती. मी म्हटलं, तुम्ही उतराल, हात घालून बघाल, लिहाल. दुसऱ्या वेळी तर खात्रीच होती. सकाळी वही उघडली, काही नव्हतं. मी समजलो, तुम्ही पाहून आलात, काही निघालं नाही.” त्यांनी वळकटीची दोरी आवळली. “त्या दोन शिट्ट्या द्यायच्या आधी मी तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही मान खाली घातलीत.”

“मला वाटत होतं, तुम्ही विचाराल.”

“हो,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही.”

गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. मी म्हणालो, “चौकशीतही तुम्हाला कळलं असणार.”

“कळलं. आधी वाटलं, तुम्ही मला वाचवताय. घरी आलो तेव्हा लक्षात आलं, कुणाला वाचवत होतात ते.” त्यांनी एवढंच म्हटलं, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ते म्हणाले, “तिचा पाडा जामसरच्या बाजूला आहे ना? मी गाडी वळसा घालून नेतो आहे. तुम्ही चला. दोघांनी सांगायला पाहिजे.”

मी म्हणालो, “आज नाही जमणार. आज रुजू व्हायचंय.”

त्यांनी मान हलवली आणि ते गाडीत चढले.

चार दिवसांनी तो गाडीवान बाजारात भेटला. मी नको नको म्हणताना त्यानं सांगितलं. साहेब पाड्यावर उतरले. बुधी अंगणात उखळात वरी कांडत होती. साहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या बोलीत बोलायला लागले. खूप वेळ बोलत होते. बुधीनं कांडण थांबवलं नाही, एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी साहेबांचा घसा बसला, आवाज निघेना. तेव्हा ती उठली, आत गेली, गडूभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि परत कांडायला लागली. साहेब पाणी प्यायले आणि गाडीकडे आले.

“काय बोलले काय एवढं?” गाडीवानानं मला विचारलं.

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

जव्हारहून जामसर काही लांब नाही. मनात आणलं तर सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला माणूस घरी येतो. बुधी पुढे पुष्कळ वर्षं जगली असं मी ऐकलं. मी गेलो नाही.